मदत हवी आहे: लेक्चर आपोआप पॉडकास्टवर टाकायचंय

नाशिकच्या कॉलेजात शिकवतो. पेठ-सुरगाण्याहून एसटीने येणाऱ्या मुलांचा पहिला तास नेहमी बुडतो, त्यांच्यासाठी हा खटाटोप.

टेबलावरचा माइक, रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आणि त्यातला क्रॉन (ठरल्या वेळी काम सुरू करणारा प्रोग्रॅम) यांवर वेळापत्रकाप्रमाणे रेकॉर्डिंग होतं. एफएफएमपेग या ऑडिओ रूपांतराच्या प्रोग्रॅमने ६४ केबीपीएस मोनो एमपी३ करतो. ४८ मिनिटांचे साधारण २३ एमबी, मुलांच्या डेटाला परवडतात. पॉडकास्ट अॅपला नवे भाग कळवणारी आरएसएस फीडही स्क्रिप्टने बनते. सहकाऱ्यांची लेखी संमती आहे. व्हिडिओ किंवा मासिक भाड्याची सेवा नको.

अडलंय एवढंच: तास रद्द झाला तरी रिकामा वर्ग प्रसिद्ध होतो! एफएफएमपेगचं शांतता ओळखणारं सायलेन्सडिटेक्ट उणे ६० डेसिबलच्या मर्यादेवर पंख्यालाच आवाज समजतं, उणे ३० वर हळू बोलणाऱ्या मॅडमचा तासच गाळला जातो.

पंखा सुरू असताना बोलणं नेमकं ओळखणारं, रास्पबेरी पायवर चालणारं काही कुणी वापरलंय का?