पेराखालचा दांडा कुजतो
मुळे फुटावीत म्हणून पाण्याच्या बाटलीत ठेवलेली मनीप्लांटची फांदी आठवडाभरात काळी पडली, की दोष पाण्याला दिला जातो. मला तो पेराखाली (पान जिथे फुटते त्या गाठीखाली) राहिलेल्या लांब दांड्याचा आणि पाण्यात बुडालेल्या पानाचा वाटतो. मुळे पेरापाशी दिसणाऱ्या तपकिरी उंचवट्यातून फुटतात, त्याखालचा बोटभर दांडा नुसता कुजतो. बुळबुळीत भाग स्पिरिटने पुसलेल्या ब्लेडने, आतला गर हिरवा व टणक लागेपर्यंत छाटावा, बाटली घासून धुवावी आणि पाणी दर ३-४ दिवसांनी बदलावे. स्नेक प्लांटचे पान मात्र कापल्यावर २-३ दिवस सावलीत ठेवून जखम सुकू द्यावी, मगच ते रेताड, जेमतेम ओलसर मातीत खोचावे. (पिवळ्या कडांच्या पानापासून येणारी रोपे निव्वळ हिरवी निघतात, हे मला उशिरा कळले.)