हँड्सफ्री असलं तरी लक्ष फोनमध्येच
वर एकांनी लिहिलंय की हँड्सफ्री असेल तर गाडी चालवताना बोलायला हरकत नाही. मला हे अजिबात पटत नाही. हात मोकळे राहतात, लक्ष मात्र बोलण्यातच गुंततं. आणि मेसेज वाचणं तर त्याहून वाईट. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ताशी १०० किमी वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. ३ सेकंद मान खाली घातली, तर ८० मीटरहून जास्त रस्ता न बघताच कापला! ड्रायव्हिंग स्कूलमध्ये हाफ क्लच, रिव्हर्स सगळं घोटून घेतलं, हे गणित कुणी सांगितलं नाही. मुलीला शिकवताना मी पहिली सवय हीच लावली: मॅप सुरू करून फोन स्टँडवर, नोटिफिकेशन बंद, मगच चावी फिरवायची. घरून फोन आला तर फूड मॉलला थांबून परत फोन करायचा.