किडनी बिघडलीय, ऑक्सिजन 98 टक्के, मग धाप कशाची?

कोरी_वही
एबीजी (धमनीतल्या रक्तातले वायू आणि आम्लता मोजणारी तपासणी) वाचायला शिकतेय. सरावाच्या एका रिपोर्टमध्ये किडनी निकामी झालेला रुग्ण आहे. पीएच 7.29, कार्बन डायऑक्साइडचा दाब 26, बायकार्बोनेट (रक्तातलं आम्ल शमवणारा घटक) 12, बोटावरचा ऑक्सिजन 98 टक्के. छाती स्वच्छ. तरी श्वास खोल आणि भरभर. ऑक्सिजन भरपूर असताना ही धडपड कशासाठी? आणि दाब 35 ते 45 हवा, इथे 26 आहे, म्हणजे फुप्फुसांचाही आजार धरायचा का?

तिसरा_प्रहर
धडपड ऑक्सिजन आत घेण्यासाठी नाहीच, कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकण्यासाठी आहे. हा वायू पाण्यात विरघळला की कार्बोनिक आम्ल होतं, म्हणजे दर उच्छ्वासाला आपण आम्लच बाहेर टाकत असतो. दिवसाला सुमारे 15,000 मिलिमोल!

प्रथिनांच्या चयापचयातून येणारं सल्फ्युरिक आम्ल मात्र असं उडून जात नाही. अशी आम्लं वजनाच्या किलोमागे रोज साधारण 1 मिलिइक्विव्हॅलंट (आयन मोजायचं एकक) तयार होतात आणि त्यांना वाट एकच, लघवीची. ती वाट बंद झाली की आम्ल साठतं आणि त्याला आवरता आवरता बायकार्बोनेट खर्ची पडतं. रक्त आम्लाकडे झुकल्याचं मानेतल्या कॅरोटिड बॉडीला आधी कळतं, ती मेंदूतल्या श्वसनकेंद्राला जागं करते. या खोल श्वासाला कुसमाउल श्वसन म्हणतात.

गाळणी
26 हा आजार नव्हे, फुप्फुसं चोख काम करताहेत याचा पुरावा आहे. बायकार्बोनेटला 1.5 ने गुणा, 8 मिळवा, 2 कमी-जास्त चालेल. 12 × 1.5 + 8 = 26. अगदी नेमकं.

आता याच रुग्णाचा दाब 40 असता तर? पीएच ठरतो तो बायकार्बोनेट आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड (दाब × 0.03) यांच्या गुणोत्तरावर. निरोगी माणसात 24 भागिले 1.2, म्हणजे 20 पट, पीएच 7.40. या रिपोर्टमध्ये 12 भागिले 0.78, साधारण 15 पट, 7.29. दाब 40 असता तर 12 भागिले 1.2, फक्त 10 पट, आणि पीएच थेट 7.10! रिपोर्टवर त्या 40 पुढे 'नॉर्मल' छापून येईल, पण त्याचा अर्थ श्वासाचे स्नायू थकलेत किंवा गुंगीच्या औषधाने श्वास मंदावलाय. अशा रुग्णाला व्हेंटिलेटरवर घेऊन नेहमीचे 12-14 श्वास लावले तरी हेच होतं. तो स्वतः जेवढी हवा खेळवत होता, तेवढी तरी यंत्राने द्यायलाच हवी.

तिसरा_प्रहर
किडनीची बाजू राहिली. दिवसाला सुमारे 180 लिटर गाळण होते, म्हणजे 4,300 मिलिइक्विव्हॅलंट बायकार्बोनेट किडनीच्या बारीक नलिकांत उतरतं. सुरुवातीची नलिकाच त्यातलं 80 टक्क्यांहून जास्त परत उचलते. शिवाय रोज तयार होणारं ते आम्ल लघवीत नुसतं सोडता येत नाही, कारण लघवीचा पीएच साधारण 4.5 च्या खाली जात नाही आणि तिथवर मोकळे हायड्रोजन आयन नगण्यच मावतात. म्हणून ते फॉस्फेट आणि अमोनियाला बांधून पाठवावे लागतात. नेफ्रॉन (किडनीतले रक्त गाळणारे सूक्ष्म घटक) घटले की अमोनिया कमी पडतो, खरी अडचण इथे होते.

वेगातही फरक आहे. फुप्फुसं काही मिनिटांत जागी होतात, किडनीला पूर्ण जोर लावायला 3 ते 5 दिवस लागतात. त्यामुळे जुनाट दम्याच्या-खोकल्याच्या रुग्णात उलटं चित्र दिसतं: कार्बन डायऑक्साइड चढलेला, पण किडनीने सावकाश बायकार्बोनेट वाढवून पीएच सावरलेला.

कोरी_वही
मग शिरेतून बायकार्बोनेट दिलं की झालं ना?

गाळणी
एवढं सोपं नाही. 8.4 टक्क्यांच्या द्रावणात दर मिलिलिटरला 1 मिलिइक्विव्हॅलंट बायकार्बोनेट आणि तेवढंच सोडियम असतं. बायकार्बोनेट आम्लाला भिडलं की कार्बन डायऑक्साइडच होतो, तो बाहेर टाकायला पुन्हा फुप्फुसंच हवीत. सोडियम पाणी धरून ठेवतं आणि इथे लघवी आधीच कमी. शिवाय रक्तातलं मोकळं कॅल्शियम घटतं, ते आधीच कमी असेल तर हातापायांत पेटके येतात, झटकाही येऊ शकतो. जुनाट आजारात तोंडाने गोळ्या देतात (500 मिलिग्रॅममध्ये साधारण 6 मिलिइक्विव्हॅलंट). तीव्र आजारात आम्ल, पोटॅशियम किंवा पाणी औषधांनी आटोक्यात येईनासं झालं की डायलिसिस.

तिसरा_प्रहर
एक पुस्ती. किडनीच्या रुग्णाची प्रत्येक धाप आम्लाची नसते. आडवं झाल्यावर धाप वाढली, छातीत तळाशी बारीक चरचर ऐकू आली आणि ऑक्सिजन 90 च्या खाली घसरला, तर आधी फुप्फुसांत पाणी साचल्याचा संशय घ्या. तुमच्या रिपोर्टमधली 'स्वच्छ छाती' म्हणूनच महत्त्वाची.