लांडग्याचा माग ओळखण्याबाबत मदत हवी आहे

नमस्कार. लांडग्यांच्या निरीक्षणात मी नुकतेच स्वयंसेवक म्हणून काम सुरू केले असून, पाऊलखुणांची नोंद करताना मोठ्या कुत्र्याचा ठसा आणि लांडग्याचा ठसा यांत माझी वारंवार गफलत होते. लांडगा चालताना मागचा पाय बहुधा पुढच्या पायाच्या ठशावरच टाकतो आणि त्यामुळे त्याचा माग जवळजवळ सरळ रेषेत जातो, हे मला ठाऊक आहे. परंतु चिखलात दोन-चारच ठसे मिळाले (आणि बहुतेकदा तेवढेच मिळतात), तर कशावर विसंबावे? शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घेतोच. शिवाय, शाळेतील मुलांशी बोलताना पशुधनाचे नुकसान न लपवता लांडग्याविषयीची भीती कशी कमी करावी, याबाबतही अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.