पेन शाई ओढत नाही म्हणजे सॅक (आतली शाईची पिशवी) गेली असं नाही

‘जुनं पार्कर 51 फाउंटन पेन घेताना ते शाई ओढत नसेल तर सॅक गेली, निम्म्या किमतीत मागा’ असं जे म्हटलं जातं, ते सरसकट पटत नाही. या पेनाच्या आधीच्या, व्हॅक्युमॅटिक प्रकारात शाई ओढायला रबरी पडदा असतो, तो कडक होऊन फाटतोच. तिथे दुरुस्तीचा खर्च वजा करणं रास्त. पण 1948पासूनच्या एरोमेट्रिक (पट्टी दाबून भरायच्या) प्रकाराची पारदर्शक सॅक पीव्हीसीची आहे, ती क्वचितच बाद होते. बहुतेक वेळा कलेक्टरमध्ये (निबमागच्या, जादा शाई धरणाऱ्या खाचांच्या भागात) वाळलेली शाई अडकलेली असते. निब रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवा, सकाळी पाणी स्वच्छ येईपर्यंत पट्टी दाबत राहा. गरम पाणी किंवा स्पिरिट मुळीच नको, हूडच्या (निब झाकणाऱ्या पुढच्या कवचाच्या) जोडातलं शेलॅक (लाखेचा चिकटा) सुटतं. एवढं करूनही सॅक अर्धीच भरत असेल तर आतली ब्रीदर ट्यूब (हवेची बारीक नळी) तपासा. किंमत खऱ्या अर्थाने घसरते ती हूडला तडा असेल तर. तो भिंगातूनच बघा.