उत्तेजित टी पेशींसाठी संदर्भ जनुक कोणतं घ्यावं? जीएपीडीएच हलतंय

नमस्कार मंडळी,

रोगप्रतिकारक पेशींवर क्यूपीसीआर (एखाद्या जनुकाचा आरएनए किती आहे ते मोजायची पद्धत) करणाऱ्यांची मदत हवी आहे.

निरोगी रक्तदात्यांच्या रक्तातून सीडी४ टी पेशी वेगळ्या करून त्यांना अँटी-सीडी३/सीडी२८ बीड्सनी उत्तेजित करते. ०, ६, २४ आणि ७२ तासांनी आरएनए काढते आणि दर वेळी सारख्याच वजनाचा आरएनए घेऊन सीडीएनए (आरएनएवरून बनवलेली डीएनए प्रत) बनवते. आमच्याकडे सगळं पूर्वीपासून जीएपीडीएच या संदर्भ जनुकावर (जे बदलत नाही असं धरून बाकीची जनुकं त्याच्याशी ताडतात) नॉर्मलाइज होतं. पण २४ तासांना जीएपीडीएचचा सीटी (सिग्नल दिसायला लागणाऱ्या चक्रांचा आकडा; १ ने घटला म्हणजे आरएनए साधारण दुप्पट) जवळपास २ ने घटतो, तोही प्रत्येक रक्तदात्यात. आरटी (सीडीएनए बनवणारं एन्झाइम) न घातलेले कंट्रोल कोरे येतात, म्हणजे जीनोमिक डीएनएचा प्रश्न नाही.

कारण मला कळतंय. टी पेशी उत्तेजित झाली की ग्लायकोलिसिस (ग्लुकोज फोडून ऊर्जा मिळवणं) जोरात सुरू होतं आणि जीएपीडीएच त्याच साखळीतलं एन्झाइम. मोजायच्या जनुकांपैकी इंटरफेरॉन-गॅमाची मला चिंता नाही, तो इतका प्रचंड वाढतो की दोन सीटींनी निष्कर्ष बदलत नाही. अडचण आयएल७आरची (आयएल-७ च्या ग्राहीचं जनुक) आहे. उत्तेजनानंतर तो उतरतो, पण नक्की किती? संदर्भाचा सीटी २ ने घटला की मुळीच न बदललेलं जनुकसुद्धा चौपट उतरलेलं दिसणार. मग माझ्या आलेखातली घट आयएल७आरची किती आणि जीएपीडीएचची किती?

एसीटीबी, बी२एम आणि १८एस या इतर संदर्भांचे प्रायमर (जनुक ओळखणारे छोटे डीएनए तुकडे) हाताशी आहेत. नवे मागवायचे तर चार-पाचच परवडतील. कोणते मागवू?

प्रतिसाद १

हातातल्या तिघांवर भिस्त ठेवू नका. उत्तेजित पेशी आकाराने वाढते, सांगाडा नव्याने रचते, म्हणून सांगाड्यातल्या ॲक्टिनचं जनुक एसीटीबी गेलं. बी२एम एमएचसी वर्ग १ चा घटक आहे आणि इंटरफेरॉन-गॅमामुळे वाढतो. तुमच्या वेलमध्ये पेशी स्वतःच इंटरफेरॉन-गॅमा भरपूर सोडताहेत. १८एस या रायबोसोमच्या आरएनएला पॉली-ए शेपूट नसते, त्यामुळे सीडीएनए ऑलिगो-डीटीने (त्या शेपटीला चिकटणाऱ्या प्रायमरने) केला असेल तर तो भरवशाचा नाही. रँडम हेक्सामर (आरएनएवर कुठेही चिकटणारे प्रायमर) वापरले असतील तरी त्याची मुबलकता आयएल७आरच्या कितीतरी वर असते.

मी टीबीपी, आयपीओ८, एसडीएचए, वायडब्ल्यूएचएझेड आणि आरपीएल१३ए मागवेन. मानवी टी पेशींवरच्या छापील कामात आयपीओ८ आणि आरपीएल१३ए चांगले निघाले आहेत, पण ते वाचून थेट वापरू नका. तुमच्याच चारही वेळांचे, सगळ्या रक्तदात्यांचे नमुने यांवर चालवा आणि जीएपीडीएचही सोबत ठेवा, म्हणजे तुलना दाखवता येईल. प्रत्येक प्रायमरची कार्यक्षमता ९० ते ११० टक्क्यांत आहे ना, हे आधी स्टँडर्ड कर्व्हवर (ठरावीक पटींनी पातळ केलेल्या नमुन्यांच्या आलेखावर) बघा.

एका गोष्टीत फसगत होते, ती सविस्तर सांगतो. जीनॉर्म ही २००२ ची पद्धत जनुकांच्या जोड्यांचं आपसातलं गुणोत्तर किती स्थिर आहे ते पाहते. आरपीएल१३ए आणि आरपीएलपी० ही दोन्ही रायबोसोमच्या प्रथिनांची जनुकं. पेशी वाढीला लागली की दोन्ही एकत्र वर जाऊ शकतात, गुणोत्तर मात्र तेच राहतं, आणि जीनॉर्म त्या जोडीला पहिला क्रमांक देतं! म्हणून एका कुटुंबातलं एकच जनुक घ्या, आणि वेळेनुसार गट पाडून नॉर्मफाइंडर ही दुसरी पद्धतही चालवा. ते गटागटांतला फरक वेगळा धरतं. जीनॉर्मचा व्ही२/३ आकडा (दोनऐवजी तीन जनुकं घेतल्याने किती फरक पडतो ते सांगणारा) ०.१५ च्या खाली आला तर दोन जनुकं पुरतात, नाहीतर तिसरं जोडा. नॉर्मलाइज करताना त्यांचा भूमितीय मध्य घ्यायचा. कार्यक्षमता सारखी असेल तर सीटींची साधी सरासरी म्हणजे तेच.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. एक भर घालते. विश्रांतीतल्या टी पेशीत आरएनए फार कमी असतो, उत्तेजित पेशीत तो कित्येक पटींनी वाढतो. सारख्या वजनाचा आरएनए घेतलात की तुम्ही एकूण आरएनएमधला आयएल७आरचा वाटा मोजता, दर पेशीमागचे रेणू नाही. दर पेशीमागचा आकडा हवा असेल तर लायसिसपूर्वी (पेशी फोडण्यापूर्वी) पेशी मोजा आणि लायसिस बफरमध्ये पेशींच्या संख्येनुसार ठरावीक प्रमाणात बाहेरचा आरएनए घाला. ल्युसिफरेजचा (काजव्यातलं एन्झाइम) चालतो, तो माणसाच्या पेशीत नसतो.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. सीडीएनए रँडम हेक्सामरनेच करते. सुचवलेले पाचही मागवते आणि पुढच्या रक्तदात्यापासून पेशी मोजून ल्युसिफरेज आरएनए घालते. प्रतिसाद १ ला एक विचारायचं होतं: ७२ तासांना पेशी विभागायला लागलेल्या असतात, तर तो गट नॉर्मफाइंडरमध्ये २४ तासांपासून वेगळाच ठेवू ना?

प्रतिसाद १

हो, वेगळाच ठेवा. चार वेळांचे चार गट. मात्र प्रत्येक गटात किमान आठ नमुने असले तर निकालावर विसंबता येईल, तेव्हा तेवढे रक्तदाते जमवा.