मदत हवी आहे: सोन्याचं पाणी दिलेले दागिने मोडीत घालायचे आहेत, किती येतील? (सांगली)

मिरजकर_ताई:
घरातल्या डब्यात बरेच दागिने पडून आहेत. 'एक ग्रॅम सोन्याच्या' चार बांगड्या (साइज दोन-सहा, साधारण अर्धा सेंटिमीटर रुंद), एक बेन्टेक्सची ठुशी, पिवळ्या पाण्याचे चांदीचे पैंजण आणि जुन्या पाटल्यांची जोडी. पाटल्या नुसत्या मुलाम्याच्या की त्यात खरं सोनं आहे, कुणालाच ठाऊक नाही. हॉलमार्क कशावरच नाही, बिल फक्त बांगड्यांचं आहे. सराफ कट्ट्यावर न्यावं का? कपात किती धरतात?

कसोटी_दगड:
ताई, सगळा डबा एकदम काउंटरवर ओतू नका, आधी घरीच वेगळा करा. बांगड्यांच्या बिलावर एचएसएन कोड (करासाठी मालाचा प्रकार सांगणारा आकडा) बघा. ७११७ असेल तर तो नकली दागिन्यांचा कोड, म्हणजे पितळ-तांब्यावर मुलामा. ७११३ मध्ये सोन्याचांदीचे आणि वरून सोन्याचा पत्रा बसवलेलेही दागिने येतात. 'एक ग्रॅम' हे नुसतं विकायचं नाव आहे, बांगडीत एक ग्रॅम सोनं असतं असं नाही.

मुलाम्याचा हिशेब असा. एक चौरस सेंटिमीटरवर एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा थर दिला की १.९३ मिलिग्रॅम सोनं बसतं. तुमच्या मापाच्या बांगडीचा आतला-बाहेरचा आणि कडांचा मिळून पृष्ठभाग साधारण २५ चौ. सेंमी. अर्धा मायक्रॉन धरला, आणि हा उदार अंदाज आहे, तर चार बांगड्यांत मिळून ०.१ ग्रॅम. हिशेबाला सोपा म्हणून तोळ्याला (दहा ग्रॅमला) एक लाख भाव धरू. कागदावर हजार रुपये झाले. हलका माल ०.१ मायक्रॉनचाच असतो, मग दोनशे. त्यातही मनगटाला घासणाऱ्या बाजूचा थर आधीच गेलेला. हे सोनं काढायला जो खर्च येतो तो बघता सराफ हातसुद्धा लावणार नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

विटा_गलाई:
त्यावर भर घालतो, कारण व्हिडिओ बघून घरी ॲसिड आणणारे वाढलेत. चार बांगड्यांचं पितळ साधारण ५० ग्रॅम. ते विरघळवायला तीव्र नायट्रिक ॲसिड किमान २०० मिली लागतं आणि ३५ लिटरच्या वर तांबूस वायू निघतो. तो वायू फुप्फुसाला घातक, त्रास कधीकधी काही तासांनी सुरू होतो, म्हणून माणूस गाफील राहतो. खाली राहणारी सोन्याची पापडी इतकी बारीक की गाळताना अर्धी वाया जाते. उरलेलं हिरवं पाणी मोरीत ओतता येत नाही ते वेगळंच. गलाईवाला (सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारा) असला माल घेतलाच तर किलोंनी घेतो, चार बांगड्या नाही.

पैंजण मात्र बाजूला ठेवा. मूळ धातू चांदी असेल तर चांदीच्या भावाने जातात. वरच्या पाण्याचे पैसे मागू नका, मिळणार नाहीत. आता पाटल्यांचं. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. पाटली कोरडी तोला. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करा आणि पाटली दोऱ्याने पूर्ण बुडवा, तळाला-कडेला टेकू न देता. जो आकडा येईल त्याने कोरड्या वजनाला भागा, ही झाली घनता; तिच्यावरून आतला धातू ओळखता येतो. बुडबुडे झटकून टाका. आत लाख किंवा पोकळी असेल तर ही परीक्षा बाद.

मिरजकर_ताई:
एक पाटली केली. कोरडी १५.०० ग्रॅम, पाण्यात १.५० आलं. म्हणजे १०. लाख दिसत नाही, टकटक केलं की भरीव वाटते.

विटा_गलाई:
पितळ ८.५ च्या आसपास येतं, तांबं ८.९६, चांदी १०.५, बावीस कॅरेट साधारण १७.७. तुमचा १० म्हणजे नुसता मुलामा दिलेलं पितळ नाही हे नक्की. दोन शक्यता: चांदीवर पाणी, नाहीतर तांब्यावर सोन्याचा पत्रा. आतल्या बाजूच्या कडेला कानशीने केसाएवढं घासा आणि भिंगातून बघा. पांढरं दिसलं तर चांदी. लाल दिसलं तर पत्रा, आणि मग हिशेबाने एका पाटलीत तीन ग्रॅमच्या आसपास बावीस कॅरेट निघावं. 'आसपास' म्हणायचं कारण, पाण्यातला आकडा ०.०१ ने चुकला तरी सोनं जवळजवळ ०.२ ग्रॅमने हलतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर म्हणूनच हे करू नये.

कसोटी_दगड:
पत्रा निघाला तर एक सावधगिरी. कॅरेट मोजायचं एक्स-रे मशीन वरचे काही मायक्रॉनच वाचतं. त्यामुळे ते बिनधास्त '२२ कॅरेट' दाखवेल आणि कुणी अख्ख्या १५ ग्रॅमला गुणून मोकळा होईल. त्या आकड्यावर पतसंस्थेत तारण ठेवायच्या भानगडीत पडू नका. आत तांबं आहे हे माहीत असून ठेवलं तर तो फसवणुकीचा गुन्हा होतो.

सराफाला सरळ सांगा की पत्र्याची आहे, पत्रा सोलून वजन करा. सोलणं आणि आटणी दोन्ही तुमच्यासमोर व्हायला हवी. डाखामुळे (सांधा जोडायच्या मिश्रधातूमुळे) कस थोडा उतरतो, म्हणून भाव आटणीनंतरच्या लगडीच्या कसावर ठरवा. 'अंदाजे इतके टक्के घट' असं आधीच कापू देऊ नका. तांबं परत मागून घ्या. आणि न्यायच्या आधी पॉलिश करू नका, बफला सोनंच झिजतं. दोन दुकानांत विचारा, ओळखपत्र बरोबर ठेवा.

मिरजकर_ताई:
घासलं. लाल आहे! मग बांगड्या आणि ठुशीचं काय करू?

राजपथ_सातारा:
बिल असलेल्या बांगड्या घेतल्या त्याच दुकानात न्या. काही ठिकाणी बदलीत किमतीचे ठरावीक टक्के वळते करतात, रोख देत नाहीत. बिलाच्या मागच्या अटी वाचा. ठुशीचं पाणी टिकून असेल तर नवरीचा मेकअप करणाऱ्या किंवा नाचाचे कपडे भाड्याने देणाऱ्या कुणाला विचारा, तिथे सोन्याला नाही, दिसण्याला पैसे मिळतात. देताना 'नकली' असं स्पष्ट लिहून द्या. काळी पडली असेल तर पुन्हा पाणी चढवून विकणं परवडत नाही, तो खर्चही निघत नाही. सरळ पितळेच्या भंगारात घाला, मणी आधी काढून.